जाड सोंड, बारीक सोंड

किडा हातात आला की त्याचा रंग बघू नका, पाठही बघू नका. उलटा करा आणि सोंड बघा. एवढी एक गोष्ट मला वेळेवर कोणी सांगितली असती तर, असं लिहून मी मोकळी झाले असते. पण तसं लिहिलं तर ते खोटं होईल. मला सांगितलं होतं, आणि वेळेवरच सांगितलं होतं. सांगणारीचं काम मात्र माझ्या तोंडामुळे गेलं. तिचं नाव सोमीबाई. हे सगळं लिहिणं तिच्यासाठी आहे, पण आधी तुम्हाला किडे समजावून सांगते, म्हणजे मी काय करून बसले ते कळेल.

मी सागाच्या रोपवाटिकेत होते. वणीहून मारेगावकडे येताना कोळशाच्या ट्रकांची धूळ संपते आणि सागाचं रान सुरू होतं, तिथे नाल्याच्या काठाला आमची रोपवाटिका. आधी रोजीवर, मग बायांची मुकादम, मग कायम. शिक्षण सातवी. बाकीचं सगळं वाफ्यावर बसून शिकले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जंगल आपोआप उगवतं. आपोआप उगवतं तेही खरं, पण जिथे तोड झालेली असते तिथे लावावं लागतं, आणि लावायला रोप लागतं. सागाचं बी म्हणजे बोराएवढी टणक गोळी, तिला वरून मऊ, मळकट सालपट. रात्रभर भिजवायचं, दिवसभर उन्हात वाळवायचं, असं आठ-दहा दिवस केलं की कुठे ते नरमतं. मग गादीवाफ्यात पेरायचं, निंदायचं, वर्षभर सांभाळायचं. वर्षाने रोप उपटून शेंडा छाटायचा, मुळ्या छाटायच्या. वीतभर कांडी उरते, तिला आम्ही जडी म्हणतो. अंगठ्याएवढी जाड असेल तर ती जडी रानात जाते. करंगळीएवढी निघाली तर फेकायची, कारण ती रानात तग धरत नाही. म्हणजे आमचं वर्षभराचं काम शेवटी अंगठा की करंगळी एवढ्यावर येतं. आणि रोप जाड कधी होतं? पावसाळ्यात त्याची पानं शाबूत राहिली तर. सागाच्या पानावर आळ्या टपलेल्याच असतात.

आता ते दोन किडे.

पहिल्याला आम्ही बाया ‘खपली’ म्हणायचो. हा खोडावर राहतो, सागाच्या, मोहाच्या, आंब्याच्या. राखाडी, चपटा, अंगावर बारीक ठिपके. झाडाच्या सालीचा तुकडा सुटून आलाय असंच वाटतं. तुम्ही खोडाला टेकून भाकर खाल, उठाल, आणि पाठीमागे दहा खपल्या होत्या हे तुम्हाला कळणारही नाही. पदराला वास लागला तर कळेल. याची सोंड बारीक, दोऱ्यासारखी, लांबलचक. पोटाखाली पायांच्या मधून मागपर्यंत गेलेली असते. भूक लागली की ती सालीत खुपसायची आणि झाडाचा रस प्यायचा. दिवसभर एका जागी बसून पितो. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मोठ्या झाडाचे चार घोट गेले तर झाडाला त्याचं काही वाटत नाही.

दुसरा ‘भालदार’. हे नाव नंतरचं, माझं. हा खपलीपेक्षा थोडा लहान, रंगाने तसाच मातकट, पण दोन्ही खांद्यांवर काटे, जसे काही खांदे उडवून उभा आहे. हा पानावर असतो. याची सोंड आखूड आणि जाड, आणि ती पुढे काढून रोखता येते. हा झाडाच्या वाटेला जात नाही. हा आळी शोधतो. स्वतःपेक्षा तिप्पट लांब आळी असली तरी हळूच जवळ जातो, सोंड रोखतो, टोचतो. आळी दोन-चार हिसके देते, मग दोरीसारखी लोंबते. आणि हा तिला सोंडेवरच लटकवून चालत जातो, बाजारातून पिशवी घेऊन निघाल्यासारखा. चालता चालता आतलं सगळं पिऊन घेतो आणि रिकामी कातडी टाकून देतो.

दोघं एकाच कुळातले. दोघांनाही हात लावला की वास सोडतात, दोघंही सोंडेने पितात. एकाने झाड धरलं, दुसऱ्याने झाड खाणाऱ्याला धरलं. हे मी आज किती आरामात लिहिते आहे! सोमीबाईचं काम गेलं त्या वर्षी मला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि सगळं माहीत आहे असं वाटत होतं.

माझं माहेर नेरकडचं, कपाशीचं. आमच्याकडे पोरगी चालायला लागली की कपाशीत उतरते. कपाशीच्या बोंडावर लाल ढेकणं बसतात, त्यांची बारकी लाल पिल्लं घोळक्याने असतात. लाल आणि घोळका, हे दोन दिसले की आमचे हात आपोआप चालतात. रॉकेलपाण्याचा डबा खाली धरायचा आणि फांदी झटकायची. हे कोणी शिकवत नाही, हाताला येतं. मी मुकादम झाले तेव्हा तीच रीत रोपवाटिकेत आणली. प्रत्येक बाईच्या कमरेला एक डबा, त्यात थोडं रॉकेलपाणी. निंदता निंदता जो किडा दिसेल तो डब्यात. संध्याकाळी ओळीने डबे दाखवायचे. जिचा डबा जास्त भरलेला तिची पाठ मी थोपटायची. साहेबांनाही ती रीत फार आवडली होती.

सोमीबाई कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, नाल्याच्या पलीकडून यायची. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. अंगाने काटक, बोलायला धीमी, आणि धीमं बोलून समोरच्याला गप्प करणारी. तिच्याकडे विहिरीकडच्या कोपऱ्यातला वाफा होता. निंदण तिच्याइतकं स्वच्छ कोणाचंच नव्हतं. पण संध्याकाळी डबा बघावा तर रिकामा. पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, “सोमीबाई, तुह्या वाफ्यावर किडे येतच नाई का वो? पाटी लावली का तिथं, येऊ नका म्हणून?”

बाया हसल्या. ती म्हणाली, “येतेत ना. चांगले येतेत.”

“मंग डब्यात काहून नाई?”

“ज्याले डब्यात टाकाचं त्याले टाकतो. आळी दिसली तं चिरडतो. याले कायले टाकू? हा आपलंच काम करून राह्यला.”

“कोण?”

“हा. काटेवाला.”

मी तिच्या वाफ्यावर गेले. तिने पान उलटं करून दाखवलं. पानाखाली काळपट चकचकीत अंडी, दाटीवाटीने लावलेली, आणि त्यांच्या बाजूला मोहरीएवढी लालभडक पिल्लं, पंधरा-वीस तरी असतील. लाल आणि घोळका! माझा हात डब्याकडे गेला. तिने माझं मनगट धरलं.

“थांब वो मुकादमबाई. हे त्याचेच लेकरं हायेत. हा आळ्या खाते.”

“ढेकूण कुठी आळ्या खाते का? ढेकूण रस पेते. मी जन्म काढला कपाशीत.”

“हे कपाशी नोहे.”

“किडा किडाच हाय ना. पाय, तुह्या डोळ्यांनं पाय.” मी खाली बसले. आता हे मी अभिमानाने सांगत आले आहे की मी कधी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, डोळ्याने बघितलं तेच खरं मानलं. त्या दिवशीही बघितलं. लाल पिल्लं त्या पानावर सोंड टेकवून बसली होती. मी जवळच एक आळी ठेवून बघितली, तरी एकही पिल्लू तिच्याकडे फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, तर पुन्हा तेच. सोंड पानात, सगळी रस पिताहेत.

“पायलं?” मी म्हटलं. “पानाचा रस पेऊन राह्यले. आता बोल.”

 ती अगदी सावकाश म्हणाली, “बारके हायेत वो अजून. चार दिवस थांब.”

चार दिवस! पण शुक्रवारी राउंड साहेब, म्हणजे आमचे वनपाल, बघायला येणार होते आणि मला वाफे स्वच्छ दाखवायचे होते. माझ्या रीतीची मोठी किंमत मला वाटत होती. तीस बाया डबे भरताहेत आणि एक बाई सगळ्यांसमोर डबा रिकामा घेऊन उभी राहते. मुकादमाला हे सोसत नाही. आज वाटतं, मला किड्याचा राग नव्हता, त्या रिकाम्या डब्याचा होता.

साहेब आले. सगळे डबे बघितले, खूश झाले. सोमीबाईच्या डब्याशी थांबले. “ही काय करते?”

आता इथे मी काय म्हणू शकले असते? म्हणू शकले असते की हिचं निंदण सगळ्यात चांगलं आहे. ते खरं होतं. म्हणू शकले असते की ही म्हणते हा किडा आळ्या खातो, चार दिवस बघू. मी म्हटलं, “साहेब, हिचा डबा रोजचाच रिकामा असते. सांगून सांगून थकलो.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुकादमाच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच. म्हणाले, “मग उद्यापासून दुसरी बघा.”

सोमीबाईने डबा खाली ठेवला. मला वाटलं ती भांडेल, आणि भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मला एवढंच म्हणाली, “कोपऱ्यातल्या पाटात गाळ आला हाय, काढून घेजो,” आणि नाला ओलांडून गेली. संध्याकाळी बघितलं तर खरंच पाटात गाळ होता.

तिच्या जागी नवी बाई लगेच मिळाली नाही. कोपऱ्यातला वाफा तसाच राहिला. तण वाढलं, पण किडे कोणी वेचले नाहीत. बाकी सगळ्या वाफ्यांवर डबे भरत होते, लाल पिल्लं, तपकिरी मोठे, सगळे.

त्यानंतर पंधरा दिवसांत आळ्या उतरल्या. ज्यांनी सागाच्या रानात आळीचं वर्ष बघितलं नाही त्यांना ते सांगून पटत नाही. बघण्याआधी ऐकू येतं. भर दुपारी, आभाळ मोकळं, वारा नाही, आणि वाळल्या पानांवर बारीक टपटप चालू. बायांना वाटलं पाऊस आला. हात पुढे केला तर तळहातावर काळी बारीक लेंडी. वरच्या मोठ्या सागांवर लाखो आळ्या खात होत्या आणि त्यांची लेंडी पडत होती, तिचा तो आवाज. मोठ्या सागांवरून त्या धाग्याला लोंबकळत आमच्या वाफ्यांवर आल्या. पानाच्या शिरा तेवढ्या ठेवायच्या, बाकी सगळं फस्त. वाफ्यात रोपं नव्हती, जाळ्या उभ्या होत्या. आम्ही हाताने वेचल्या, फवारा मारला, पण पाऊस लागला आणि सगळा फवारा धुऊन गेला.

चौथ्या-पाचव्या दिवशी विहिरीवर पाणी प्यायला गेले आणि कोपऱ्यातल्या वाफ्याकडे लक्ष गेलं. तो हिरवा होता.

अगदी पूर्ण हिरवा नव्हता, खोटं कशाला लिहू. भोकं होती, कडा कुरतडलेल्या होत्या. पण पानं होती. मी खाली बसले. एका पानावर तो चालत होता, खांदे उडवून, सोंडेवर आळी लटकवून. शेजारच्या पानावर दुसरा. आणि लाल पिल्लं! आता गव्हाच्या दाण्याएवढी झालेली, तिघं मिळून एका आळीला तीन बाजूंनी सोंडा लावून बसली होती. हीच ती पिल्लं, जी मी पानाचा रस पिताना माझ्या डोळ्यांनी बघितली होती. पहिले दोन-चार दिवस त्यांच्यात आळीला टोचायची ताकद नसते, तेवढे दिवस ती पानाच्या ओलाव्यावर काढतात. मग कात टाकतात आणि शिकारीला लागतात. म्हणजे मी बघितलं ते खोटं नव्हतं. मी लवकर उठून गेले, एवढंच झालं.

मी तिथेच बसून राहिले. बाया हाका मारत होत्या. मी उठलेच नाही.

आता जाणकार म्हणतील, एवढ्याशा किड्याने आळीचं वर्ष थांबलं असतं का? नसतं थांबलं. मीही तसं म्हणत नाही. लाखो आळ्या होत्या, त्या येणारच होत्या. पण तीस वाफ्यांत एक वाफा उभा राहिला आणि तो कोणाचा होता हे मला माहीत होतं. पुढल्या उन्हाळ्यात जड्या छाटल्या तेव्हा अंगठ्याएवढ्या जड्या त्या कोपऱ्यातून निघाल्या. बाकी करंगळ्या. ढीगच्या ढीग फेकला.

डबे मी दुसऱ्याच दिवशी बंद केले. मग मला नादच लागला. वणीचे रफिकभाई आमच्या विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला यायचे. एकदा मी पानावर नाक टेकवून बसलेली बघून म्हणाले, “बाई, ये क्या देखते हो दिनभर? खटमल पाळले का तुम्ही? सरकारले जागा कमी पडली का?”

मी म्हटलं, “भाई, मले याची सोंड पायाची हाय. दिसत नाई.”

पुढच्या खेपेला त्यांनी खिशातून एक भिंग काढलं, डोळ्याला लावायचं. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांचं होतं. “अब्बा के बाद पडूनच होतं. घड्याळं आता कोन दुरुस्त करते? तुमच्या खटमलच्या कामी येऊ द्या.” ते भिंग डोळ्याला लावून मी पहिल्यांदा सोंड बघितली. जाड आणि बारीक. तेव्हा कुठे मला ते दोघं वेगळे झाले. खपली उलटी केली तर सोंड पायांच्या बेचक्यात गपचूप निजलेली. भालदार उलटा केला तर सोंड हलते, पुढे येते, तुम्हालाच शोधते. रफिकभाईंना हौस, “देखू देखू” म्हणत त्यांनी तो चिमटीत धरला आणि त्याने बोटात टोचलं. त्यानंतर किती दिवस ते पंपाजवळ यायच्या आधी लांबूनच ओरडायचे, “बाई, तुमचा वाला बांधून ठेवला का?”

हळूहळू माझं नाव झालं. शेतावर साग लावलेले लोक बरणीत किडे घेऊन यायचे. कोणी खपलीला घाबरून झाड तोडायला निघालेला असायचा, त्याला मी म्हणायची, बापू, त्याला राहू दे, पिऊन पिऊन किती पिणार. कोणी भालदार मारून आणायचा आणि मोठ्या आनंदाने दाखवायचा, त्याला काय सांगणार. दुसरे साहेब आले, तिसरे आले. सगळे म्हणायचे, इंदूबाई अनपढ असून किती बारीक बघतात. (सातवी शिकलेय मी, पण ते जाऊ दे.) कोणी विचारायचं, हे तुम्हाला कसं कळलं? मी म्हणायची, “बघून बघून.”

बघून बघून! एवढ्या वर्षांत एकदाही मी तिचं नाव घेतलं नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी एकदा पोडावर गेले होते. सोमीबाई कापूस वेचायला दुसऱ्या गावी गेलेली होती. मी परत आले आणि पुन्हा गेले नाही. विचारणाऱ्याला, म्हणजे स्वतःलाच, सांगत आले की वेळ नव्हता. वेळ होता. नाल्यापलीकडे जायला किती वेळ लागतो? पुढे आमच्यातल्या सलग काम केलेल्या बायांना कायम केलं. मी कायम झाले. सोमीबाईची सलगता त्या शुक्रवारी तुटली होती. ती राहिली असती तर तीही झाली असती. आज मला पेन्शन आहे आणि तिला नाही. याच्यावर मी काही शहाणपणाचं लिहू शकत नाही. ते तसं आहे.

यंदा पावसाळ्यात रोपवाटिकेतून बोलावणं आलं. आता तिथे वनरक्षक म्हणून एक पोरगी आहे, पल्लवी. हुशार, पायात बूट, मोटरसायकल चालवते. ती म्हणाली, “आजी, नव्या बायांना तुमचे दोन किडे समजावून सांगा. आणि आम्ही दाराशी एक फलक रंगवतोय, दोन्ही किड्यांची चित्रं. खाली लिहिणार, ओळख पटवणाऱ्या इंदूबाई.”

मी हो म्हटलं. घरी आले. जेवण गेलं नाही. सकाळी उठून नाला ओलांडला.

सोमीबाई अंगणात मोहफुलाच्या टोपलीची कड विणत बसली होती. केस पांढरे झालेले, डोळ्यात मोतीबिंदू. पावलं ऐकून म्हणाली, “कोन होय?”

“मी. इंदू.”

“कोन इंदू?”

“मुकादम.”

तिचे हात थांबले. मग पुन्हा विणायला लागले. “बस. पाटातला गाळ काढला का?”

मला हसावं की रडावं कळेना. “काढला वो. तवाच काढला.”

“बरं केलं.”

मी सगळं सांगितलं. कोपऱ्यातला वाफा, सोंड, भिंग, फलक. ती विणत राहिली. शेवटी मी म्हटलं, “माह्यं चुकलं, सोमीबाई. साहेबापुढं मी तुह्यं निंदण चांगलं हाय हे सुदिक सांगतलं नाई.”

“हे तू मले कायले सांगून राह्यली? मले तं माहीतच हाय. ज्याहीले माहीत नाई त्याहीले सांग.”

“मंग चाल माह्यासंगं.”

“मले दिसत नाई.”

“मले तं दिसते. मी हात धरतो.”

“तू हात धरशीन,” ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. “तवा मी तुह्या हात धरला होता तं तुले राग आला होता.”

पण ती आली. नाल्यात दगडादगडांवरून मी तिला आणलं. तिने वाटेत दोनदा मला सांगितलं, की अशी घाई करू नको, मी काही पळून जात नाही.

रोपवाटिकेत वीस-बावीस बाया बसलेल्या, पल्लवी उभी. मी आधी किडे सांगितले नाहीत. आधी डबे सांगितले. माझी रीत, तीस डबे, एक रिकामा डबा, साहेब काय म्हणाले, मी काय म्हणाले. जे म्हटलं ते जसंच्या तसं. सोमीबाई वाफ्याच्या काठावर बसून होती, मान खाली, हातात एक गवताची काडी. सांगून झालं.  एक पोरगी पदर तोंडाला लावून बसलेली. पल्लवी सोमीबाईकडे बघत होती.

सोमीबाईने मान वर केली. “त्याच्या लेकराले चार दिवस लागते रस सोडाले,” ती म्हणाली. “तुले बावीस वर्सं लागले वो.”

आधी एक बाई हसली, मग सगळ्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

पल्लवी म्हणाली, “आजी, फलकावर दोघींची नावं टाकते.”

“माह्यं नाव कायले?” सोमीबाई म्हणाली. “चित्रात सोंड बरोबर काढली का ते पाय. जाड हाय का?”

पल्लवीने मोबाईलवरचं चित्र मला दाखवलं. चित्रकाराने दोघांनाही एकसारखी बारीक सोंड काढली होती. मी तसं सांगितलं. सोमीबाईने फक्त “हं” केलं. तो फलक आता पुन्हा रंगवायला गेला आहे. नाव पहिलं तिचं टाकायचं, हे मी पल्लवीकडून कबूल करून घेतलं आहे. सोमीबाईला अजून सांगितलेलं नाही.

बाया पांगल्या. आम्ही दोघी तिथेच बसलो. सोमीबाई हाताने चाचपत पानं उलटी करत होती. एका पानाशी तिचं बोट थांबलं. अंडी बोटाला लागतात, खरखरीत.

“मुकादमबाई,” तिने हाक मारली. “इकडं ये. पाय बरं काय हाय? मले नाई दिसत.”

मी भिंग डोळ्याला लावलं. काळपट चकचकीत अंडी, बरीचशी फुटलेली, आणि बाजूला लाल पिल्लं, मोहरीएवढी. पानावर सोंडा टेकवून बसलेली. पाठ बघितली, सोंड बघितली. फार बारकी होती. भालदाराचीच असावीत, मला जवळजवळ खात्री होती.

“काय होय मंग?” सोमीबाईने विचारलं. “ठेवाचे का डब्यात टाकाचे?”

मी भिंग काढून पदराने पुसलं. “बारके हायेत वो अजून,” मी म्हटलं. “आज नाई सांगता येत.”

तिने ते पान होतं तसं अलगद खाली सोडलं आणि उठायला माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“मंग चार दिवसानं येतो मी,” ती म्हणाली. “घ्याले येजो.”